साथीचा रोग, हातातील मोबाईल आणि मनाचे आरोग्य



कोरोनाच्या साथीवर आतापर्यंत पुष्कळ लिहिले गेले आहे. विषाणू कसा पसरला, लस केव्हा आली, मजुरांची पायपीट कशी झाली, हे आपण वाचले आहे आणि आपल्यापैकी अनेकांनी भोगलेही आहे. प्रस्तुत लेखात त्या साथीच्या एका वेगळ्या अंगाचा अभ्यास करावयाचा आहे. ते अंग म्हणजे मन. टाळेबंदीत माणसे घरात कोंडली गेली आणि त्यांच्या हातात मोबाईल होता. त्या मोबाईलमधून रात्रंदिवस जे येत होते त्याचा मनावर काय परिणाम झाला, तो कशामुळे झाला आणि पुन्हा अशी वेळ आली तर आपण काय केले पाहिजे, हा या पाठाचा विषय आहे.

साथ संपली, आता हा विषय कशाला, असे कोणी विचारील. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, हे खरे आहे. परंतु त्या काळात लागलेल्या सवयी त्या दिवशी संपल्या नाहीत. अंथरुणात पडल्यावर तास-दीड तास अंगठ्याने बातम्या सरकवीत राहणे, आलेला मजकूर पुरता न वाचताच दहा जणांना पाठविणे, या सवयी घरात मुक्कामाला राहिल्या आहेत. शिवाय साथी पुन्हा येत असतात. पूर आल्यावर पोहणे शिकता येत नाही. म्हणून शांततेच्या काळातच हा अभ्यास करणे इष्ट होय.

पाठाचा मुख्य मुद्दा आरंभीच सांगतो. संकटाच्या काळात मनाला माहितीची गरज असते. परंतु जी माहिती ऐकून आपल्याला काहीच करता येत नाही, ती कितीही ऐकली तरी मनाला आधार मिळत नाही. भीती मात्र वाढत जाते. हा मुद्दा ध्यानात ठेवून पुढील विवेचन वाचावे.

१. अफवा जुनी, वेग नवा

सन १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्याच वर्षी २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. तेथे नेलेला माणूस परत येत नाही, त्याला मारून त्याच्या शरीरातून औषधी तेल काढतात, अशी बोलवा शहरात होती. हे कामगार मूर्ख होते, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. रोग नवा होता. खात्रीची माहिती कोणी देत नव्हते. सरकारची माणसे घरात शिरून रोग्याला उचलून नेत होती आणि घरच्यांना काही विचारीत नव्हती. भीती, माहितीचा अभाव आणि अधिकाऱ्यांवरील अविश्वास या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे अफवा जन्माला येते.

त्याच प्लेगमध्ये पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांच्या सेवेत होत्या आणि त्या सेवेतच रोग जडून १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. साथ एकच, परंतु भयाने रुग्णालयावर दगड मारणारे हातही त्या साथीत होते आणि रोग्याला उचलून आणणारे हातही होते. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता २०२० कडे येऊ. ३० जानेवारी रोजी भारतातील पहिला रुग्ण केरळात आढळला. महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च रोजी पुण्यात आढळले. ११ मार्च रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ही जागतिक महासाथ असल्याचे सांगितले आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. १८९६ मधील तिन्ही गोष्टी पुन्हा एकत्र आल्या. फरक एवढाच की १८९६ ची अफवा चाळीतून गिरणीपर्यंत पायी जात होती आणि रात्री माणसांबरोबर झोपत होती. २०२० ची अफवा एका बोटाच्या दाबाने व्हॉट्सॲपच्या गटात शिरत होती, त्या काळी अशा एका गटात २५६ माणसे असू शकत, आणि तिला रात्र नव्हती. फेब्रुवारी २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी इशारा दिला होता की आपली लढाई रोगाच्या साथीशी आहे तशीच माहितीच्या साथीशीही आहे.

त्या दिवसांतील काही मजकूर वाचकांना आठवत असतील. २२ मार्च २०२० रोजी जनता कर्फ्यू झाला. विषाणू बारा तासच जगतो, म्हणून चौदा तास घरात बसले की तो मरतो, असा संदेश त्या वेळी फिरत होता. टाळ्या व थाळ्यांच्या कंपनांनी विषाणू नष्ट होतो, असाही संदेश होता आणि तो खोटा असल्याचे सरकारच्या प्रसिद्धी खात्याला सांगावे लागले. त्याआधी कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, अशी आवई उठली. कोंबडीचा भाव इतका कोसळला की दाण्याचा खर्चही निघेना. काही ठिकाणी पाळणाऱ्यांनी हजारो पिल्ले नष्ट केली. एका खोट्या वाक्याने कर्ज काढून शेड उभारलेला शेतकरी बुडाला. पण ते वाक्य ज्याने पहिल्यांदा लिहिले त्याचे नाव कोणालाही कळले नाही.

हा नावाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आपल्या देशात १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील पत्रकावर व पुस्तकावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण छापणे बंधनकारक झाले. वर्तमानपत्राला संपादक असतो. मजकूर खोटा निघाला तर त्याला जाब विचारता येतो. व्हॉट्सॲपवर पुढे पाठविलेल्या मजकुराला ना लेखक, ना मुद्रक, ना संपादक. तो आपल्याला मामाकडून किंवा शेजाऱ्याकडून येतो, म्हणून आपण मामावरचा विश्वास त्या मजकुरावर ठेवतो. मामाही तो मजकूर दुसऱ्याकडूनच घेतलेला असतो.

२. मनावर काय परिणाम होतो?

भीती ही मुळात उपयोगी गोष्ट आहे. समोर साप दिसला की छाती धडधडते, श्वास वाढतो, हातापायांत बळ येते आणि आपण मागे उडी मारतो. साप निघून गेला की थोड्या वेळाने शरीर शांत होते. निसर्गाने ही व्यवस्था थोड्या वेळासाठी केलेली आहे. मोबाईलमधील साप मात्र जात नाही. एक बातमी संपते न संपते तोच दुसरी येते. शरीर पळण्याच्या तयारीत राहते आणि आपण मात्र खाटेवर पडलेले असतो. मग झोप उडते, चिडचिड होते, भूक मंदावते, छातीत दडपल्यासारखे वाटते.

कोरोनाच्या बाबतीत यात आणखी एक घोटाळा होता. चिंतेनेही श्वास अपुरा वाटतो आणि रोगातही दम लागतो. त्यामुळे भ्यालेला माणूस स्वतःला रोगी समजे आणि अधिकच भीई. बोटाला ऑक्सिमीटर लावून दर दहा मिनिटांनी आकडा पाहणारी माणसे आपण पाहिली आहेत. दिवसातून ठरावीक वेळा आकडा पाहणे आणि तो ९४ च्या खाली गेला तर डॉक्टरांना गाठणे, हे उपयोगाचे होते. दर दहा मिनिटांनी पाहणे हा स्वतःच एक आजार होऊन बसला.

या विषयावर काही शास्त्रीय अभ्यास झाले आहेत. अमेरिकेतील बोस्टन शहरात १५ एप्रिल २०१३ रोजी मॅरेथॉन शर्यतीच्या वेळी बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच संशोधकांनी ४,६७५ प्रौढांची पाहणी केली. स्फोटानंतरच्या आठवड्यात दररोज सहा तास किंवा अधिक वेळ त्या घटनेच्या बातम्या व चित्रे पाहणाऱ्यांच्या मनावरचा ताण, प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी किंवा जवळ असलेल्यांपेक्षाही अधिक आढळला. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ज्यांच्या कानात स्फोटाचा आवाज शिरला त्यांच्यापेक्षा, घरी सुरक्षित बसून दिवसभर तेच पाहणाऱ्यांचा ताण जास्त होता.

चीनमध्ये २०२० च्या फेब्रुवारीत सुमारे ४,८०० लोकांची पाहणी झाली. समाजमाध्यमांवर साथीविषयी सतत पाहणाऱ्यांमध्ये चिंतेचे प्रमाण अधिक आढळले. अर्थात यावरून मोबाईलनेच चिंता निर्माण केली असे थेट म्हणता येत नाही. आधीच चिंतेत असलेला माणूस अधिक वेळा मोबाईल उघडतो, असेही असू शकते. बहुधा दोन्ही खरे असावे. चिंता वाटते म्हणून मोबाईल उघडायचा आणि उघडला म्हणून चिंता वाढायची, असे हे रहाटगाडगे आहे. साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता व नैराश्य या विकारांचे प्रमाण २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचे कारण एकटा मोबाईल नव्हता. एकटेपणा, उपजीविका बुडणे, आप्तांचा मृत्यू, रोगाची धास्ती ही मोठी कारणे होती. ज्याचा रोजगार गेला त्याला मोबाईल बाजूला ठेव असे सांगून त्याची चूल पेटत नाही, हेही आपण विसरू नये.

एप्रिल-मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत दुःखाचेही असेच झाले. अंत्यविधीला मोजकी माणसे, जलदान विधी व पुण्यानुमोदनाला आप्तांना येता येत नाही, आलेल्या माणसाच्या गळ्यात पडून रडता येत नाही. गटात एकामागून एक फोटो येत आणि त्याखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे दोन शब्द. सकाळी गावच्या माणसाचा फोटो, दुपारी जुन्या सहकाऱ्याचा, संध्याकाळी आत्याच्या दिराचा. बोट दोन शब्द लिहून पुढे सरकत होते. दुःख करायला वेळ लागतो, माणूस लागतो. तो वेळ व तो माणूस न मिळाल्याने पुष्कळांचे दुःख तसेच आत साचून राहिले. आजही एखाद्या घरी गेल्यावर त्या दिवसांचा विषय निघाला की माणसे एकाएकी बोलू लागतात, त्याचे कारण हेच आहे.

३. हे यंत्र असे का आहे?

मन चंचल आहे, दोष आपलाच आहे, असे समजून पुष्कळ लोक स्वतःला दोष देतात. ते पूर्णपणे बरोबर नाही. यंत्राची घडण समजून घेतली पाहिजे.

वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. पुस्तकाचा धडा संपतो. मोबाईलच्या पडद्याला मात्र तळ नाही. अंगठा सरकवीत राहिले की नवे येतच राहते. ही युक्ती २००६ साली एझा रास्किन या अमेरिकी तंत्रज्ञाने तयार केली आणि पुढे तिच्या परिणामांबद्दल त्याने स्वतःच जाहीर खेद व्यक्त केला. दुसरी गोष्ट अशी की पुढे काय येईल याचा नेम नसतो. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारल्यावर दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला, तर कबुतर थकेपर्यंत चोच मारीत राहते. बोटाने पडदा ओढणारा माणूस याच आशेने ओढीत असतो. एखादी चांगली बातमी येईल, लस आल्याचे कळेल, भावाचा निरोप येईल.

तिसरी गोष्ट पैशाची. फेसबुकसारख्या कंपन्या आपल्याकडून पैसे घेत नाहीत. आपण पडद्यापुढे जितका वेळ घालवितो तितक्या जाहिराती आपल्याला दाखविता येतात आणि त्याचे पैसे त्यांना मिळतात. संताप व भीती माणसाला जास्त वेळ खिळवून ठेवतात, म्हणून तसाच मजकूर वर येतो. अमेरिकेतील संशोधकांनी ट्विटरवरील २००६ ते २०१७ या काळातील सुमारे १,२६,००० वृत्तांचा अभ्यास करून २०१८ मध्ये असे दाखविले की खोटी बातमी पुढे पाठविली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक होती आणि १,५०० लोकांपर्यंत पोहोचण्यास खऱ्या बातमीला खोटीच्या सहापट वेळ लागत होता. हे काम यंत्रमानवांनी केले नव्हते. ते मुख्यतः तुमच्या-आमच्यासारख्या माणसांच्या बोटांनी केले होते. कारण खोटी बातमी नवलाची असते.

परंतु घडण बदलली की वर्तन बदलते, हेही दिसून आले आहे. एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सॲपने असा नियम केला की पुष्कळदा पुढे गेलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल. त्यानंतर अशा मजकुराचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. दुसऱ्या ठिकाणी पाठवायला पुन्हा बोट हलवावे लागते, एवढ्या क्षुल्लक अडथळ्याने लाखो अफवा जागीच थांबल्या. यावरून आपण शिकावयाचे ते असे की, आपल्या घरातही असे लहान लहान अडथळे आपणच निर्माण करू शकतो.

४. अफवेचा मार कोणावर पडतो?

मनाचे आरोग्य हा घरातला खासगी प्रश्न आहे, असे समजण्याची चूक करू नये. भ्यालेले मन एकटे राहत नाही. ते दोषी शोधू लागते. आणि दोषी म्हणून जो सापडतो तो बहुधा दुबळाच असतो.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या भागात मोबाईलवर फिरत होते. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या त्या माणसांजवळ आपण कोण आहोत हे सांगण्यापलीकडे दुसरा बचाव नव्हता. साथीच्या काळात १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक अशाच अफवेला बळी पडले. आणि त्या हत्येनंतर दुसरी अफवा उठली की हे कृत्य मुसलमानांनी केले. अखेर अटक झालेल्या १०१ जणांची यादी राज्याच्या गृहमंत्र्यांना जाहीर करावी लागली. त्यांत एकही मुसलमान नव्हता.

मार्च २०२० मध्ये दिल्लीत तबलिगी जमातीचा मेळावा झाला. त्यानंतर एका संपूर्ण धर्मसमुदायाने जाणूनबुजून रोग पसरविला, असे दाखविणाऱ्या चित्रफिती फिरू लागल्या. त्यांतल्या अनेक जुन्या किंवा भलत्याच ठिकाणच्या होत्या. फळे-भाजी विकणाऱ्या गरीब मुसलमानांना गल्लीत येऊ दिले जाईना. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या मेळाव्याला आलेल्या परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनविले गेल्याचे मत नोंदविले. न्यायालयाचा निकाल आला, परंतु ज्यांनी त्या चित्रफिती पाठविल्या त्यांच्यापैकी किती जणांनी तो निकाल गटात पाठविला? एखाद्याला दूर ठेवणे, त्याची सावली व त्याचा स्पर्श दूषित मानणे म्हणजे काय, हे ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे त्या समाजाच्या मोबाईलमधून तरी असा मजकूर पुढे जाता कामा नये.

५. मोबाईलचा उपकारही मान्य केला पाहिजे

एवढे वाचून मोबाईल फेकून द्यावा असे कोणी म्हणेल, तर ते योग्य होणार नाही. दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनचा सिलिंडर कोठे आहे, कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे, हे हजारो लोकांना मोबाईलवरूनच कळले. ज्यांची एकमेकांशी ओळख नव्हती अशा तरुणांनी रात्री जागून याद्या तपासल्या, क्रमांक लावून पाहिले, चुकीचे क्रमांक खोडले आणि माणसे वाचविली. विलगीकरणात पडलेल्या आईला मुलाचे तोंड मोबाईलवरच दिसले. ६ डिसेंबर २०२० रोजी चैत्यभूमीवर येऊ नये असे आवाहन होते. त्या दिवशी लाखो लोकांनी घरात बसून पडद्यावरच बाबासाहेबांना अभिवादन केले.

शाळेचेही तसेच. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलवर भरू लागले. त्या वर्षी ग्रामीण भारतात झालेल्या ‘असर’ पाहणीत, शाळेत नाव असलेल्या सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी एक तरी स्मार्टफोन असल्याचे आढळले. २०१८ मध्ये हे प्रमाण सुमारे ३६ टक्के होते. म्हणजे दोन वर्षांत, आणि त्यातही हाताला काम नसताना, लोकांनी मोबाईल घेतले. माझ्या वर्गातील एका मुलीच्या वडिलांनी हप्त्याने मोबाईल घेतला होता. दिवसा तो त्यांच्याबरोबर कामावर जाई. रात्री नऊनंतर तो मुलीच्या हातात येई, तेव्हा ती माझे गणिताचे धडे पाही. त्याच मोबाईलवर, त्याच वेळी, वडिलांच्या गटातील मृत्यूचे फोटो व भयंकर चित्रफितीही येत. अकरा वर्षांच्या त्या मुलीने अपूर्णांकाबरोबर काय काय पाहिले असेल, याचा विचार आम्हां शिक्षकांनी किंवा पालकांनी त्या वेळी कितपत केला?

तेव्हा मोबाईल वापरण्याचे दोन प्रकार ध्यानात घ्यावेत. पहिला, कोणाशी तरी बोलण्यासाठी, काही विचारण्यासाठी, काही काम करण्यासाठी वापरणे. दुसरा, काहीही न करता केवळ पाहत राहणे. पहिल्याने माणूस माणसाशी जोडला जातो. दुसऱ्याने माणूस घरात असूनही घरातून उठून जातो.

६. कसोटी

मग आलेला मजकूर पारखावा कसा? केसपुत्त गावच्या कालाम लोकांनी भगवान बुद्धांना हाच प्रश्न विचारला होता. निरनिराळे उपदेशक येतात, प्रत्येक जण आपले तेच खरे म्हणतो, आम्ही विश्वास कोणावर ठेवावा? बुद्धांच्या उत्तराचा आशय आपल्याला ठाऊक आहे. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून स्वीकारू नका; हे आचरले असता अहित होते की हित होते, हे स्वतः पाहा. हा उपदेश आपण वंदनेनंतर पुष्कळदा ऐकतो. त्याची खरी परीक्षा मोबाईलच्या पडद्यावर होते.

या आधारे प्रत्येक मजकुराला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : हे कोणी सांगितले? नाव, ठिकाण, तारीख आहे काय? ‘एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितले’ हे नाव नव्हे.

दुसरा प्रश्न : हे कळल्यावर मला काय करता येईल? ‘उद्या सकाळी दहा वाजता आरोग्य केंद्रात लस मिळेल’ या मजकुराने करण्याजोगे काही दिले. ‘दुसऱ्या राज्यात चिता विझत नाहीत’ ही बातमी खरी असली तरी ती एकदा वाचणे पुरेसे आहे. तिची वीस चित्रे पाहून ना त्या राज्याला मदत होते, ना आपल्याला.

तिसरा प्रश्न : हे पुढे पाठविल्याने कोणाचे अहित होईल काय? कोणत्या जातीकडे, धर्माकडे, वस्तीकडे बोट दाखविले आहे काय?

तिन्ही प्रश्नांतून जो मजकूर पार पडेल तोच पुढे पाठवावा. फार थोडा पार पडेल.

परंतु केवळ खोटे खोडून काढल्याने माणसाची भीती जात नाही, हेही सांगितले पाहिजे. आमच्या वस्तीतील एका वृद्ध बाईंनी २०२१ मध्ये लस घेण्यास नकार दिला. लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो, असे नातवाच्या मोबाईलवर कोणी तरी बोलताना त्यांनी ऐकले होते. शिकलेल्या मंडळींनी त्यांना पुष्कळ समजावले, आकडे सांगितले. त्या ऐकेनात. शेवटी वस्तीतील आशाताई त्यांच्या ओट्यावर जाऊन बसल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, “आत्या, मी कवाच घेतली. एक रात ताप आला, दुसऱ्या दिवशी कामाला गेले. तुमच्याबरोबर मी येते, सुई टोचली की अर्धा तास तिथंच बसू दोघी.” आत्या उठल्या आणि गेल्या. अफवेला जे जमले नाही ते आशाताईंनी केले. त्या ओळखीच्या होत्या, त्यांना जाब विचारता येत होता आणि त्या सोबत चालणार होत्या.

७. घरात व वस्तीत काय करावे?

(१) साथीच्या किंवा दंगलीच्या काळात बातमी पाहण्याच्या दोन वेळा ठरवाव्यात, सकाळी एक व संध्याकाळी एक. प्रत्येक वेळ अर्ध्या तासापेक्षा अधिक नसावी. वर्तमानपत्र हे या दृष्टीने फार चांगले, ते संपते.

(२) झोपण्यापूर्वी एक तास मोबाईल उशापासून दूर, शक्य तर दुसऱ्या खोलीत ठेवावा. एकच खोली असेल तर फडताळावर ठेवावा. उठून जावे लागले पाहिजे, एवढाच हेतू.

(३) मुलांच्या अभ्यासाचा व मोठ्यांच्या गटांचा मोबाईल एकच असेल तर अभ्यासाच्या वेळी गटांचे आवाज बंद करावेत आणि चित्रफिती आपोआप उतरणे थांबवावे. मुलाने भयंकर काही पाहिले असेल तर रागावू नये. काय पाहिलेस, तुला काय वाटले, असे विचारून ऐकून घ्यावे.

(४) मृत्यूची बातमी आली की दोन शब्द लिहून थांबू नये. त्या घरी फोन लावावा. काय बोलावे सुचत नसेल तर ‘जेवलात का?’ एवढे विचारले तरी चालते. आणि येणे-जाणे सुरू झाले की जाऊन यावे, उशीर झाला असला तरी.

(५) प्रत्येक गटात एका-दोघांनी तपासनिसाचे काम घ्यावे. खोटा मजकूर आढळला तर पाठविणाऱ्याचा चारचौघांत पाणउतारा न करता त्याला वेगळे कळवावे आणि खरी माहिती गटात टाकावी. अपमान झालेला माणूस खोट्यालाच अधिक घट्ट धरतो.

(६) दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप न येणे, कशातच मन न लागणे, विनाकारण रडू येणे किंवा जीव नकोसा वाटणे, यांपैकी काही असेल तर तो स्वभावाचा दोष किंवा बाहेरची बाधा समजू नये. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या व वाचनालयाच्या फळ्यावर लिहून ठेवावा. जीव देण्याची भाषा कोणी करीत असेल तर त्याला एकटे सोडू नये आणि तत्काळ दवाखान्यात न्यावे.

शेवटी, हा लेख एकट्याने वाचून बाजूला ठेवू नये, अशी विनंती आहे. रविवारच्या वर्गात पाच-दहा जणांनी मिळून तो वाचावा व पुढील प्रश्नांवर चर्चा करावी.

स्वाध्याय

१. १८९६ चा प्लेग व २०२० चा कोरोना या दोन्ही साथींत अफवा पसरण्याची समान कारणे कोणती?

२. गेल्या आठवड्यात आपल्या मोबाईलवर पुढे पाठविलेला असा शिक्का असलेला कोणताही मजकूर घ्या. त्याला वरील तीन प्रश्न विचारा. तो पार पडतो काय?

३. साथीत आपल्या वस्तीतील कोणाचे दुःख ऐकून घ्यायचे राहून गेले आहे? त्यांच्या घरी केव्हा जाणार?